मऊ, हलक्या लोकरी कापडाचं नागपुरात काय शिवावं?

प्रश्न थोडक्यात असा आहे: नातेवाइकांनी इंग्लंडहून ३ मीटर कापड आणलंय. पन्हा ५४ इंच, गडद मरून रंगावर बारीक फुलांची छपाई, हाताला अगदी मऊ आणि चिठ्ठीवर ‘१०० टक्के लोकर’. नागपूरच्या थंडीत ऑफिसला घालता येईल असं काही शिवायचंय. टेलर म्हणतो, फ्यूजिंग (इस्त्रीच्या उष्णतेने आतून चिकटवायचं ताठ कापड) आणि पूर्ण अस्तर लावून बंद गळ्याचं जाकीट करू. स्वेटरने मान खाजते, तसं याचंही होईल का? घरी धुता येईल का? आणि कसर लागू नये म्हणून काय करायचं?

ताई, प्रश्न बरेच असले तरी सगळ्यांच्या मुळाशी एकच गोष्ट आहे: हे कापड आकार धरून उभं राहणारं आहे, की अंगावरून खाली पडणारं? वर्णनावरून हे लोकरीचं शॅली वाटतं. लोकर विंचरून आखूड तंतू काढून टाकायचे, उरलेल्या लांब तंतूंचं बारीक सूत कातायचं, ते साध्या विणीत सैलसर विणायचं आणि वर छपाई करायची, असं हे कापड तयार होतं. १८३२ च्या सुमारास इंग्लंडमधल्या नॉर्विचला ते रेशीम आणि लोकर मिळून विणायला लागले, नंतर शुद्ध लोकरीतही आलं. तिकडे याचे झगे, स्कार्फ आणि टाय शिवतात. या यादीत कोट नाही, हे मुद्दाम सांगतोय. आपल्याकडे दुकानात याच नावाने मिळणारं कापड बहुतेक रेयॉनचं असतं. त्यामुळे कोणी ‘शॅली शिवलंय की’ म्हणालं, तर ते लोकरीचं होतं का एवढं विचारून घ्या. दोघांची वागणूक पार वेगळी आहे.

जाकीट करायचं की नाही हे कापडाच्या वजनावर ठरतं, आणि ते घरी काढता येतं. पूर्ण कापड स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवा. ५४ इंच म्हणजे १.३७ मीटर, गुणिले ३, म्हणजे साधारण ४.१ चौरस मीटर. काट्यावर ५०० ग्रॅम आले तर एका चौरस मीटरला १२० ग्रॅमच्या आसपास पडले. शॅली बहुधा १०० ते १५० मध्ये असतं. त्याखाली गेलं तर ते ओढणी किंवा स्टोलचंच कापड समजा. १८० च्या वर असेल तर माझं पुढचं बरंचसं म्हणणं लागू होणार नाही आणि तुमच्या टेलरची सूचना वाईट नाही. पुरुषांच्या सुटाचं नेहमीचं लोकरी कापड शॅलीपेक्षा बरंच जड असतं, यावरून अंदाज येईल.

शुद्ध लोकर आहे का, हेही पाहून घ्या. काठाचे उभे आणि आडवे धागे वेगवेगळे काढा, कारण कधी कधी एका दिशेला लोकर आणि दुसऱ्या दिशेला भलतंच काही असतं. चिमट्यात धरून स्टीलच्या ताटलीवर जाळा. लोकर कष्टाने पेटते, ज्योत बाजूला घेतली की विझते, केस जळल्याचा वास येतो आणि काळी राख बोटात चुरडली जाते. अॅक्रिलिक वितळून कडक मणी होतो, तो चुरडत नाही. रेयॉन कागदासारखं भुरकन जळतं. मिश्रण असेल तर दोन्ही खुणा एकत्र दिसतात. रेशीमही केसासारखाच वास देतं, पण तुमच्या कापडाला रेशमी चमक असती तर तुम्ही लिहिलंच असतं.

खाज ही लोकरीची ॲलर्जी असण्यापेक्षा तंतूच्या जाडीची गोष्ट असते. ३० मायक्रॉनहून (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जाड तंतूंची टोकं त्वचेला टोचतात. स्वस्त स्वेटरमध्ये असे तंतू पुष्कळ असतात. मेरिनो जातीच्या मेंढीच्या चांगल्या लोकरीचा तंतू १७ ते २२ मायक्रॉनचा असतो, तो टोचण्याआधी वाकतो. तरी माणसागणिक फरक पडतो. कापडाचा कोपरा मानेशी धरून १५ मिनिटं बसा. तेवढ्यात चुरचुरलं नाही तर गळ्याला मलमलचं आतलं पट्टं लावून निभावेल. चुरचुरलं, तर अस्तरावर पैसे घालू नका, ते कापड दुसऱ्या कोणाला द्या.

आता आपली थंडी. डिसेंबर-जानेवारीत पहाटे १० ते १२ अंश, दुपारी २८ च्या आसपास. अधिवेशनाच्या दिवसांत सकाळी गाडीवरून सिव्हिल लाइन्सला निघालेला माणूस कुडकुडतो आणि तोच माणूस २ वाजता पंखा लावतो. इथे जाड कपड्याचं काम नाही. दिवसभर न काढता अंगावर राहील असा कपडा हवा. हलकी लोकर इथे खरंच उपयोगी पडते. ती स्वतःच्या वजनाच्या जवळपास तिसरा हिस्सा बाष्प शोषूनही ओली वाटत नाही आणि सैल विणीतून हवा खेळते. पण त्यामागे पॉलिएस्टरचं पूर्ण अस्तर लावलं, की हा गुण तिथेच संपला. दुपारी पाठीला घाम चिकटणार. म्हणूनच मी बंद जाकिटाच्या विरोधात आहे. फ्यूजिंगचं कारण वेगळं, ते पुढे सांगतो.

तुमच्या कापडाला मी सरळ सैलसर कुर्ता सुचवेन: खाली थोडा घेर, पाऊण बाही, ४४ इंच उंची. कापड आटल्यानंतर पन्हा ५२ आणि लांबी ११४ इंच उरेल असं धरू. पुढचा आणि मागचा भाग प्रत्येकी २५ इंच रुंद ठेवला तर दोन्ही शेजारी-शेजारी बसतात, दुमडीची माया (शिलाईसाठी सोडलेलं जादा कापड) धरून त्यात ४७ इंच लांबी जाते. बाह्यांना २० इंच, त्यांच्याच बाजूला गळ्याचं पट्टं निघतं. म्हणजे ६७ इंचांत कुर्ता झाला. उरलेल्या ४७ इंचांचा चौकोनी स्कार्फ काढा. तिरपा दुमडून गळ्यात घेतला तर सकाळच्या गाडीवर कामाला येतो आणि ऑफिसात पर्समध्ये मावतो. छपाईतल्या फुलांचे देठ एकाच दिशेला असतील तर सगळे भाग त्याच दिशेने मांडायचे. वरच्या हिशेबात तेवढी जागा आहे. पन्हा ४४ चा असता तर हे दोन भाग शेजारी बसले नसते आणि नुसत्या कुर्त्यालाच बरंच जास्त कापड लागलं असतं.

चुण्यांचा स्कर्ट, पुढून उघडा लांब श्रग, सैल बाहीचा टॉप हेही छान होतात. नको ते तीन: पँट, अंगाला घट्ट ब्लाउज आणि ताठ कॉलरचं काहीही. पँटला गुडघ्याशी फुगा येतो, आणि घट्ट ब्लाउजच्या शिलाईजवळचे धागे सरकून रांगेने बारीक फटी दिसायला लागतात. सैल विणीच्या कापडाची ही खोड आहे, दोरा कितीही मजबूत वापरा, ती जात नाही. छातीच्या मापात किमान ४ इंच सैल ठेवलं की ती उद्भवतच नाही.

आता कापण्याआधीचं काम. बहुतेक कपडे इथेच बिघडतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो. लोकरीच्या तंतूवर सूक्ष्म खवले असतात. ऊब, ओल आणि घासणं ही तिन्ही एकत्र आली की खवले एकमेकांत अडकतात आणि कापड आखडून घट्ट होतं. ते परत सैल होत नाही. म्हणून कपडा पुढे जसा धुणार आहात तसंच आधी कापडाला वागवायचं. घरी धुणार असाल तर आधी हाताने धुवा. फक्त ड्रायक्लीन करणार असाल तर वाफ पुरते.

आधी काठाकडून २० सेंटिमीटरचा चौकोन कापा, कडेने कच्चा दोरा घाला आणि ठरवल्याप्रमाणे धुवा किंवा वाफवा. वाळल्यावर पुन्हा मोजा. एक सेंटिमीटर कमी झालं म्हणजे ५ टक्के गेलं, ३ मीटरमागे १५ सेंटिमीटर. दोन्ही दिशा वेगळ्या मोजा, उभ्या दिशेला बहुतेक जास्त आटतं. याच तुकड्यावर ओला पांढरा रुमाल दाबून रंग सुटतो का तेही पाहा. मरून आणि काळा हे हमखास संशयित. रंग उतरला तर घरी धुण्याचा विचार सोडा.

वाफ देण्यासाठी टेबलावर जुनी चादर अंथरा आणि कापड उलटं पसरा. ओली करून घट्ट पिळलेली मलमल वर ठेवा. इस्त्री ‘वुल’वर, म्हणजे दोन ठिपक्यांवर. ती ठेवायची, पाच-सहा सेकंद दाबायची, उचलायची आणि पुढच्या जागी ठेवायची. सरकवायची नाही. सरकवली की कापड तिरकं ताणलं जातं, तशाच ताणात कापलं जातं आणि पहिल्या धुण्यात कुर्त्याची एक बाजू वर जाते. लोक टेलरला दोष देतात, चूक असते इस्त्रीची. पूर्ण कापड झाल्यावर ते तिथेच सपाट गार होऊ द्या, गरम असताना घडी घालू नका.

टेलरकडे देताना काही गोष्टी स्पष्ट सांगा. आपल्याकडच्या मशीनवर बहुतेक वेळा १४ किंवा १६ नंबरची सुई लावलेली असते. या कापडाला ११ नंबर हवी आणि तीही नवी. बोथट सुईने धागा ओढला गेला की पन्ह्याभर सरळ रेष उमटते, आणि छापील कापडात तिथली छपाई विस्कटते. दोरा बारीक पॉलिएस्टर किंवा रेशमी. टाके इंचाला १० ते १२. मशीनच्या पायाचा (कापड दाबून धरणाऱ्या पट्टीचा) दाब थोडा कमी, नाहीतर वरचा थर पुढे सरकतो आणि शेवटी दोन्ही कडा जुळत नाहीत. आधी उरलेल्या तुकड्यावर दोन थरांची चार इंच शिलाई मारून पाहिली, की दोऱ्याचा ताण बरोबर आहे का ते कळतं. शिलाई चुणली तर वरचा ताण सैल करायचा.

गळा कापल्या कापल्या कडेपासून पाव इंचावर एक शिलाई फिरवून घ्यायची, मुंढ्यालाही तशीच. ही जागा तिरक्या धाग्यावर येते. कापड टेबलावरून लोंबत राहिलं तरी गळा अर्धा इंच मोठा होतो.

फ्यूजिंगचं कारण आता. चिकटवण्यासाठी गरम दाब आणि वाफ लागते. लोकर त्या वाफेने थोडी आखडते, फ्यूजिंग आखडत नाही. आज गुळगुळीत दिसतं, पण दोन-चार धुण्यांनंतर छातीवर बुडबुडे येतात आणि ते काढता येत नाहीत. पातळ कापडातून गोंदाचे ठिपकेही दिसू शकतात. बटणपट्टी, गळा, काज अशा जागी आधार हवाच, तर आधीच आटवलेली मलमल किंवा रेशमी ऑर्गंझाची पट्टी आतून शिवून घ्या. टेलर कुरकुर करेल, कारण शिवून लावायला वेळ जातो. तेवढे पैसे जास्त द्या, ते वाया जाणार नाहीत.

अस्तर पूर्ण नको, पण पाठीच्या वरच्या भागाला आणि खांद्याला आतून मलमलचं अर्धं अस्तर लावता येईल. कपडा खांद्यावरून ओघळत नाही आणि घामाचा पहिला मारा अस्तर घेतं. मलमल गांधीबागेत किंवा इतवारीत सहज मिळते. आणली की आधी पाण्यात भिजवून वाळवा, नाहीतर बाहेरची लोकर तशीच राहून आतलं अस्तर आटतं आणि कुर्ता आत ओढला जातो. छापील मरूनमागे पांढरं अस्तर दिसेल का ही शंका असेल तर त्याच रंगाची मलमल रंगवून घ्या, मात्र तिचाही रंग सुटत नाही ना, ते पाहा.

आतल्या कडा उसवतात. सरळ बाजूंना दोनदा शिवून कड आत बंद करणारी शिलाई उत्तम, मुंढ्याला मलमलची उरेब, म्हणजे तिरकी कापलेली, पट्टी. ओव्हरलॉक करायचंच असेल तर दोरा सैल ठेवायला सांगा, ताणला की कड लाटांसारखी होते. आपल्याकडे पुढे सैल करता यावं म्हणून बगलेखाली दीड इंच माया सोडतात. इथे ती सोडायला हरकत नाही, पण इस्त्री करताना मायेखाली कागदाची पट्टी सरकवा, नाहीतर तिची कड बाहेरून चमकदार रेघ होऊन दिसते. चमक आलीच तर ओली मलमल ठेवून उलट बाजूने वाफ द्या, बरीचशी जाते.

खालची दुमड लगेच करू नये. कुर्ता हँगरला लावून एक पूर्ण दिवस लटकू द्यावा. तिरक्या धाग्याचा भाग खाली उतरतो, तो कापून सरळ करायचा आणि मग इंचभर दुमडून हाताने तुरपाई. टाके कापडाचा एकेक धागा उचलतील एवढेच, घट्ट ओढायचे नाहीत. मशीनची दुमड या कापडाला जड पडते आणि घेराचा पड मोडतो.

धुण्याचं पूर्ण उत्तर ‘हो, पण क्वचित’ असं आहे. लोकरीला वास लवकर धरत नाही. घालून आल्यावर रात्रभर हवेत टांगली की दुसऱ्या दिवशी कपाटात जाऊ शकते. आमच्या अंदाजाने थंडीच्या पूर्ण हंगामात दोन-तीन धुणी पुरतात. धुताना ४-५ लिटर पाणी, हाताला ना गार ना गरम, ३० अंशांच्या आत. लोकरीसाठीचं ईझीसारखं द्रावण बाटलीवर लिहिलंय तेवढंच. नेहमीची पावडर नको. तिच्यातला क्षार लोकर खरबरीत करतो, आणि डाग काढण्यासाठी घातलेली काही विकरं (एन्झाइम) तर प्रथिनंच तोडतात, आणि लोकर म्हणजे प्रथिनच. ब्लीचचा तर प्रश्नच नाही, त्यात लोकर विरघळते. दहा मिनिटं बुडवायचं, हलकं दाबायचं, घासायचं नाही.

विसळायचं पाणी त्याच तापमानाचं घ्या. इथे हमखास चूक होते: धुणं गिझरच्या कोमट पाण्यात आणि विसळणं टाकीच्या बर्फगार पाण्यात. अचानक गारव्यानेही कापड आखडतं. बोअरचं जड पाणी असेल तर द्रावण नीट सुटत नाही, शेवटच्या पाण्यात चमचाभर पांढरं व्हिनेगर टाका. पिळू नका. टॉवेलवर पसरा, दोन्हीची गुंडाळी करा, दाबा आणि मग चटईवर सावलीत सपाट वाळवा. आपलं ऊन मरूनला चांगलंच फिकट करतं, आणि दोरीवर टांगलं तर पाण्याच्या वजनाने खांदे लांबतात.

कसर. लोकर मोठा किडा नाही, त्याच्या अळ्या खातात, आणि त्यांना घामाचे, तेलाचे, चहाचे डाग पडलेल्या जागा आधी सापडतात. म्हणून संक्रांतीनंतर थंडी ओसरली की न धुता ठेवून देणं ही सगळ्यात मोठी चूक. धुवून, पूर्ण वाळवून, जुन्या सुती साडीच्या तुकड्यात गुंडाळा. प्लास्टिकच्या पिशवीत राहिलेली ओल बाहेर पडत नाही. डांबरगोळ्या ठेवायच्या तर पुरचुंडीत, कापडाला न लागता. कडुनिंबाचा पाला वाळलेला ठेवला तर बिघडत काही नाही, पण अळ्या मरतात असं समजू नका.

नागपूरपुरती एक सूचना. उन्हाळ्यात कूलर असलेल्या खोलीतलं कपाट लोकरीसाठी वाईट. मे महिन्यात बाहेर ४५ अंश आणि कोरडं असलं, तरी कूलरच्या झोतासमोरच्या कपाटात दोन-अडीच महिने दमट हवा शिरत राहते, त्यात बुरशी आणि कसर दोन्ही फावतात. लोकरीचा कप्पा कूलर नसलेल्या खोलीत हलवा. दसऱ्याच्या साफसफाईत गुंडाळी उघडून झटका आणि सावलीत दिवसभर हवा द्या.

कसर दिसलीच तर कपडा प्लास्टिकच्या पिशवीत हवाबंद करून डीप फ्रीझरमध्ये उणे १८ अंशांवर किमान दोन आठवडे ठेवा. घरच्या फ्रिजच्या बर्फाच्या कप्प्याची खात्री नसते. बाहेर काढल्यावर पिशवी खोलीच्या तापमानाला आल्याशिवाय उघडू नका, नाहीतर कपड्यावर दव धरतं. मग ब्रशने झटकून धुवा.

कपडा शिवून झाल्यावर उरलेल्या चिंध्या टेलरकडून मागून घ्या, निदान तळहाताएवढे दोन तुकडे. भोक पडलंच तर रफू करणारा त्यांतून धागा काढून वापरतो. छापील कापडात धाग्याचा रंग जागोजागी बदलतो, म्हणून एक तुकडा नुसत्या मरून जमिनीचा आणि एक फुलांचा ठेवा.